मायक्रॉन आणि गल्ला: दिल्लीतल्या पिशवीबंदीची दोन दशके

प्लास्टिकची पिशवी ठोक बाजारात नगावर नव्हे, किलोवर विकली जाते. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली तर दिल्लीतल्या पिशवीबंदीचा वीस-बावीस वर्षांचा इतिहास उलगडायला सोपा जातो. जुन्या दिल्लीतल्या सदर बाजारातून गल्लीतला किराणावाला, पनीर-दही विकणारा डेअरीवाला, छोले-कुलचे विकणारा ठेलेवाला आठवड्याचा माल उचलतो. त्या मालात बाकी जिन्नसांबरोबर पिशव्यांचा गठ्ठाही असतो, आणि त्याचा भाव किलोचा असतो. सरकारची भाषा मात्र मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाची. भाव किलोचा आणि कायदा मायक्रॉनचा, अशा स्थितीत बंदी पाळायला किती खर्च येतो हे दुकानदाराने स्वतःच मांडायचे असते.

हिशेब अवघड नाही. २५ सेंटिमीटर रुंद आणि ३५ सेंटिमीटर लांब अशी साधी पिशवी घ्या. पॉलिथिनची घनता ०.९२ धरली तर २० मायक्रॉन जाडीच्या अशा सुमारे ३१० पिशव्या एका किलोत येतात. जाडी ५० मायक्रॉन केली की त्याच किलोत सव्वाशेच्या आसपास येतात, आणि १२० मायक्रॉन केली की पन्नासच्या थोड्या वर. किलोचा भाव तोच राहिला तरी पिशवी सहा पट महाग झाली. केंद्र सरकारने १९९९ साली पिशवीची किमान जाडी २० मायक्रॉन ठरवली, २०११ साली ४०, २०१६ साली ५०, सप्टेंबर २०२१ अखेरीला ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन. कायद्यात हे पाच आकडे एकाखाली एक नुसते नोंदले गेले. दिवसाला शंभर-दीडशे गिऱ्हाइकांना पिशवी देणाऱ्या भाजीवाल्याच्या खर्चात त्यातला प्रत्येक आकडा वाढ करून गेला.

जाडी वाढवण्यामागे तर्क होता, आणि तो चुकीचा नव्हता. पातळ पिशवी वजनाला इतकी हलकी की कचरा वेचणारी बाई ती उचलत नाही. दिवसभर वाकून किलोभर गोळा करायचे तर शेकडो पिशव्या लागतात. मग ती पिशवी नाल्यात जाते, उकिरड्यावर जाते, गाईच्या पोटात जाते. जाड पिशवी वेचायला परवडते, आणि महाग असल्याने दुकानदार ती फुकट वाटत नाही. अपेक्षा अशी होती. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरली होती: पातळ पिशवी बाजारात मिळणारच नाही. दिल्लीत ती कायम मिळत राहिली.

दिल्लीने स्वतःचा कायदा केला तो २००० साली, शीला दीक्षित मुख्यमंत्री असताना. तो २ ऑक्टोबर २००१ ला, गांधी जयंतीला लागू झाला. हा पूर्ण बंदीचा कायदा नव्हता. पिशव्यांचे उत्पादन, विक्री आणि वापर यांवर नियंत्रण आणायचे आणि त्याच दमात कचऱ्यालाही शिस्त लावायची, असा त्याचा आवाका होता. शहराला त्याची निकड होतीच. पूर्वेकडे गाजीपूरला १९८४ साली सुरू झालेला कचऱ्याचा डेपो २००२ पर्यंत भरून गेला, तरीही गाड्या तिथेच रिकाम्या होत राहिल्या. पुढे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने ६० शहरांतल्या प्लास्टिक कचऱ्याचा अभ्यास केला, तेव्हा दिल्ली रोजच्या सुमारे ६९० टनांसह पहिली निघाली. मुंबईचा आकडा ४०८ टनांच्या आसपास होता.

जगातही तेव्हा याच विषयाची उलथापालथ चालू होती. १९८८ आणि १९९८ च्या पुरांत पिशव्यांनी गटारे तुंबल्याचा अनुभव घेऊन बांगलादेशाने २००२ साली पातळ पिशव्यांवर देशभर बंदी घातली. त्याच वर्षी मार्चमध्ये आयर्लंडने वेगळी वाट धरली. तिथे पिशवी बंद झाली नाही. प्रत्येक पिशवीमागे १५ सेंटचा कर गिऱ्हाइकाकडून घ्यायचा आणि दुकानदाराने तो सरकारकडे भरायचा, असे ठरले. वापर सुमारे नव्वद टक्क्यांनी खाली आला. तिथल्या व्यवस्थेत बोजा पिशवी मागणाऱ्यावर होता. दिल्लीत पुढची वीस वर्षे तो पिशवी देणाऱ्यावर राहिला.

दिल्लीच्या बंदीला खरा जोर सरकारने नव्हे, न्यायालयाने दिला. 'तपस' या स्वयंसेवी संस्थेच्या वतीने विनोदकुमार जैन यांनी २००४ साली उच्च न्यायालयात याचिका दाखल केली होती. न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती आर. सी. चोप्रा यांची समिती नेमली आणि ७ ऑगस्ट २००८ ला निकाल दिला. त्यानुसार ७ जानेवारी २००९ ला दिल्ली सरकारची अधिसूचना निघाली.

ती अधिसूचना नीट वाचण्यासारखी आहे, कारण तिच्यात जागा मोजून दिल्या होत्या. चार आणि पाच तारांकित हॉटेले, शंभर किंवा अधिक खाटांची रुग्णालये, पन्नासपेक्षा जास्त माणसांची बसण्याची सोय असलेली उपाहारगृहे, मदर डेअरीची फळे-भाज्यांची विक्री केंद्रे, दारूची दुकाने, मॉल, मुख्य बाजार आणि वसाहतींमधली लोकल शॉपिंग सेंटर. म्हणजे सुरुवात मोठ्यांपासून होती आणि ती शहाणपणाची होती. पंचतारांकित हॉटेलला कागदी पिशवीचा खर्च जाणवत नाही, मॉलमधले दुकान तो कपड्याच्या किमतीत मिसळून टाकते, दारूच्या दुकानाचे गिऱ्हाईक पिशवी मिळाली नाही म्हणून परत जात नाही. पण 'मुख्य बाजारातली सर्व दुकाने' या चार शब्दांत करोल बागेतला साड्यांचा व्यापारी जसा आला, तसा त्याच्या दुकानाच्या पायरीशेजारी मोजे-रुमाल विकणाराही व्यवहारात ओढला गेला. कायदा मोडला तर पर्यावरण संरक्षण कायद्याखाली पाच वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दोघांनाही तेच कलम.

त्या काळात ज्यांना जमले त्यांनी बंदी पाळली, हे मान्य करायला हवे. मॉलमध्ये आणि ब्रँडेड दुकानांत कागदी पिशव्या आल्या. बाकी बाजारात नॉन-वोव्हन पिशवी शिरली. हिरवी, लाल, निळी, हाताला कापडासारखी लागणारी, वर दुकानाचे नाव छापलेली. गिऱ्हाईक ती कापडी समजून घेत असे आणि पुष्कळ दुकानदारही तसेच समजत होते. प्रत्यक्षात तीही पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लास्टिकचीच. नियम पाळतो आहोत या भावनेने लोकांनी पदरचे पैसे घालून एक प्लास्टिक सोडले आणि दुसरे घेतले. त्यांना वेळेवर कोणी हे सांगितले असते तर ते पैसे वाचले असते.

२०१२ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयात भटक्या गाईंच्या पोटात साचणाऱ्या प्लास्टिकबद्दलच्या याचिकेची सुनावणी होती. न्यायमूर्ती जी. एस. सिंघवी यांच्या पीठाने तेव्हा बजावले की उत्पादकांना पिशव्या परत घ्यायला लावले नाही किंवा पूर्ण बंदीचा विचार केला नाही, तर पुढच्या पिढीपुढे अणुबाँबहूनही गंभीर संकट उभे राहील. त्यानंतर चार महिन्यांनी दिल्लीच्या मंत्रिमंडळाने सरसकट बंदीचा निर्णय घेतला. २३ ऑक्टोबर २०१२ ला अधिसूचना निघाली आणि महिन्याभराने, २३ नोव्हेंबरपासून ती लागू झाली.

दिल्लीने काढलेली ही सर्वांत कडक अधिसूचना होती. जाडीची भाषा तिने सोडूनच दिली. कोणत्याही जाडीची प्लास्टिकची पिशवी बनवायची नाही, आणायची नाही, साठवायची नाही, विकायची नाही, वापरायची नाही. नॉन-वोव्हन पिशवीचे नाव घेऊन तिलाही बंदी घातली. पुस्तके, मासिके, लग्नपत्रिका यांच्यावरचे प्लास्टिकचे वेष्टनही गेले. वैद्यकीय कचऱ्याच्या पिशव्या आणि कारखान्यातच बंद होऊन येणारे दूध, पीठ यांसारख्या मालाचे वेष्टन तेवढे वगळले. आणि या वेळी यादीत हातगाडीवाला, फेरीवाला स्पष्ट शब्दांत होता. २००९ च्या अधिसूचनेत तो आडून आला होता, इथे तो समोर उभा होता.

बवाना, नरेला यांसारख्या औद्योगिक वसाहतींतल्या उत्पादकांपुढे धंदा बंद करण्याची वेळ आली. प्लास्टिक उद्योगाची संघटना उच्च न्यायालयात गेली. पण हातगाडीवाल्याकडे ना संघटना होती ना वकील. त्याने गठ्ठा गाडीखालच्या पोत्यात सरकवला आणि मागेल त्यालाच पिशवी द्यायला सुरुवात केली.

मग अंमलबजावणी का फसली? लोक बेशिस्त आहेत, हे उत्तर सोपे आहे आणि अपुरेही. कागदपत्रे पाहिली तर तीन ठोस कारणे हाती लागतात.

पहिले कारण शिक्षेच्या आकारात होते. पर्यावरण संरक्षण कायद्यात जागेवर दंड घेऊन पावती फाडण्याची सोय नव्हती. अधिकृत अधिकाऱ्याने माल जप्त करायचा, पंचनामा करायचा आणि दंडाधिकाऱ्यापुढे तक्रार दाखल करायची. दहा रुपयांची कोथिंबीर-मिरची विकणाऱ्यावर पाच वर्षांच्या कैदेचे कलम लावून खटला चालवायला कोणता अधिकारी धजेल? बहुतेक वेळा माल जप्त होई, दम दिला जाई, आणि दुसऱ्या दिवशी नवा गठ्ठा येई. कलम इतके जड होते की ते उचललेच जात नव्हते.

दुसरे कारण महापालिकेचे. बंदी लागू होण्याच्या सहा-सात महिने आधीच दिल्ली महापालिकेचे उत्तर, दक्षिण आणि पूर्व असे तीन तुकडे झाले होते. नवी दिल्ली नगरपालिका परिषद आणि छावणी मंडळ वेगळे. दिल्ली प्रदूषण नियंत्रण समिती राज्य सरकारची, महापालिकांचे कारभारी दुसऱ्या पक्षाचे. पूर्व दिल्लीची पालिका तर सफाई कामगारांचे पगार वेळेवर देऊ शकत नव्हती. पगारासाठी संप झाले की रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग लागत. ज्या निरीक्षकांनी बाजारात फिरून पिशव्या शोधायच्या, त्यांच्या कचेऱ्याच अजून नीट मांडल्या जात होत्या.

तिसरे कारण नकाशात दिसते. दिल्लीची हद्द आणि दिल्लीचा बाजार एक नाहीत. आनंद विहारला रस्ता ओलांडला की उत्तर प्रदेशातला गाझियाबाद जिल्हा, टिकरीच्या पुढे हरियाणातले बहादूरगड, दक्षिणेला गुरुग्राम. एकाच मेट्रोने तीन राज्यांतली माणसे रोज ये-जा करतात. नोव्हेंबर २०१२ मध्ये दिल्लीत पिशवी बनवणे गुन्हा ठरले, तेव्हा शेजारच्या उत्तर प्रदेशात पूर्ण बंदी नव्हती. ती आली जानेवारी २०१६ मध्ये, आणि तीही टिकली नाही म्हणून जुलै २०१८ मध्ये नव्याने जाहीर करावी लागली. आझादपूर किंवा गाजीपूरच्या मंडईत पहाटे येणाऱ्या शेकडो टेम्पोंमध्ये भाजीखाली पिशव्यांचे गठ्ठे आहेत का हे तपासणारा नाका कुठेच नव्हता. उत्पादन सरकले, वापर होता तिथेच राहिला.

२०१६ च्या अखेरीस सूत्रे राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. न्यायमूर्ती स्वतंत्र कुमार यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने २ डिसेंबर २०१६ ला आदेश दिला: १ जानेवारी २०१७ पासून दिल्लीत वापरून फेकण्याचे प्लास्टिक बंद. उघड्यावर कचरा टाकणाऱ्या भाजीविक्रेत्यांना आणि कत्तलखान्यांना दहा हजार रुपयांची पर्यावरण भरपाई. आदेशामागची तळमळ कोणीही समजून घेईल. पण तारीख पाहावी. नोटाबंदी होऊन जेमतेम चोवीस दिवस झाले होते. ज्या विक्रेत्याच्या गल्ल्यात त्या आठवड्यात सुटे शंभर रुपये नव्हते, त्याला दहा हजारांचा आकडा सांगितला गेला. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला आणि १० ऑगस्टला लवादाचा पुढचा आदेश: ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवी सापडली तर पाच हजार रुपये भरपाई, आणि सरकारने आठवड्याभरात सगळा साठा जप्त करावा. नोटाबंदी, नवा कर आणि पिशवीचा दंड, नऊ महिन्यांत हे तिन्ही एकाच छोट्या दुकानाच्या दारात आले. बंदीच्या इतिहासात या योगाची नोंद सहसा होत नाही, पण दुकानदाराच्या बाजूने पाहिले तर ती वगळता येत नाही.

पाच हजारांच्या आकड्याने एक गोष्ट मात्र साधली. प्रथमच निरीक्षकाच्या हातात वापरता येईल असे हत्यार आले.

त्याच वेळी गोंधळही वाढला. २०१२ च्या अधिसूचनेप्रमाणे दिल्लीत प्रत्येक पिशवी बेकायदा. केंद्राच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे ५० मायक्रॉनच्या वरची पिशवी कायदेशीर. फक्त ती देणाऱ्या दुकानदाराने आणि फेरीवाल्यानेही स्थानिक संस्थेकडे नोंदणी करून महिन्याला किमान चार हजार, म्हणजे वर्षाला अठ्ठेचाळीस हजार रुपये भरायचे. आणि लवादाच्या आदेशात पुन्हा ५० मायक्रॉनची रेघ. मग एकावन्न मायक्रॉनची पिशवी चालते की नाही? ती मोजायची कशाने? जाडी मोजायचे यंत्र निरीक्षकाजवळही क्वचितच असे, दुकानदाराजवळ तर नाहीच. महिन्याला चार हजारांची ती अट मार्च २०१८ च्या दुरुस्तीत काढून टाकली. रस्त्यावर बसून विकणाऱ्याने प्लास्टिकच्या पिशवीसाठी वर्षाला अठ्ठेचाळीस हजार भरावेत असा नियम लिहिणाऱ्याने मंडईत तासभर उभे राहून पाहिले असते, तर तो नियम लिहिला गेला नसता.

लवादाच्या आदेशाला महिनाही झाला नव्हता, तोच १ सप्टेंबर २०१७ ला गाजीपूरच्या डेपोवरच्या कचऱ्याच्या डोंगराचा एक कडा कोसळला. कचऱ्याच्या लोंढ्याने शेजारच्या रस्त्यावरची वाहने कालव्यात ढकलली आणि दोन माणसे मेली. भरून पंधरा वर्षे झालेल्या डेपोवर त्या दिवसापर्यंत कचरा टाकला जात होता. बंदीची गरज खरी होती हे सांगायला एवढा पुरावा पुरे. पण तो डोंगर काही हातगाड्यांनी उभा केला नव्हता.

मराठी वाचकाला या टप्प्यावर आपले राज्य आठवेल. २६ जुलै २००५ च्या मुंबईतल्या पुरानंतर महाराष्ट्राने ५० मायक्रॉनची अट केंद्राच्या दहा वर्षे आधी आणली होती. २३ मार्च २०१८ ला प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदीची अधिसूचना निघाली. तीन महिन्यांची मुदत देऊन २३ जूनपासून मुंबईत निळ्या गणवेशातले निरीक्षक बाजारात उतरले. पहिल्यांदा पाच हजार, दुसऱ्यांदा दहा हजार, तिसऱ्यांदा पंचवीस हजार आणि तीन महिने कैद. किराणा दुकानदारांनी विचारले की सुटी डाळ, साखर, रवा द्यायचा कशात? आठवड्याच्या आत सरकारने ५० मायक्रॉनच्या वरच्या किरकोळ वेष्टनाला अटी घालून सवलत दिली. या सवलतीवर टीकाही झाली. तरी दोन गोष्टी महाराष्ट्राने दिल्लीपेक्षा बऱ्या केल्या: दंडाच्या पायऱ्या आधीच जाहीर केल्या आणि वस्तूंची यादी लोकांपर्यंत पोचवली. दादरच्या फुलवाल्याला आपण काय केले तर काय होईल हे ठाऊक होते. करोल बागेतल्या विक्रेत्याला ते कळायला मार्ग नव्हता.

यानंतरचा काळ घोषणांचा. ५ जून २०१८ च्या जागतिक पर्यावरण दिनाचे यजमानपद भारताकडे होते, आणि दिल्लीतल्या समारंभात केंद्रीय मंत्री हर्षवर्धन यांनी एकदाच वापरायचे प्लास्टिक २०२२ पर्यंत देशातून घालवण्याचा शब्द दिला. हर्षवर्धन तेव्हा चांदनी चौकचेच खासदार होते. १५ ऑगस्ट २०१९ ला पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून दुकानदारांना आवाहन केले की आमच्याकडून प्लास्टिकच्या पिशवीची अपेक्षा ठेवू नका, घरून कापडी पिशवी आणा, असे फलक लावा. चांदनी चौक त्या तटबंदीच्या अगदी समोर. गिऱ्हाइकाला उद्देशून बोलणारे, दुकानदाराची बाजू सावरणारे असे आवाहन इतक्या मोठ्या व्यासपीठावरून प्रथमच झाले. त्या २ ऑक्टोबरला देशव्यापी बंदी येणार अशी हवा होती. मंदीच्या चिंतेत ती आली नाही. मग करोना आला आणि हातमोज्यांपासून जेवणाच्या डब्यांपर्यंत सगळीकडे प्लास्टिक परतले.

१२ ऑगस्ट २०२१ ला केंद्राने नियम दुरुस्त केले. पिशवीची जाडी दोन टप्प्यांत वाढली, आणि १ जुलै २०२२ पासून काड्या, चमचे, पेले, स्ट्रॉ, मिठाईच्या डब्यावरचे पातळ वेष्टन अशा प्लास्टिकच्या वस्तूंवर देशभर बंदी आली. या वेळी सीमेपलीकडे वेगळा कायदा नव्हता. नोएडा, गुरुग्राम आणि दिल्ली प्रथमच एका यादीखाली आले. उत्पादन, साठवण, आयात, विक्री आणि वापर यांवर एकाच दिवशी बंदी आली. दिल्लीच्या दहा वर्षांच्या अनुभवातून शिकण्यासारखे जे होते ते इथे शिकलेले दिसते.

अंतिम तारीख जवळ आली तशी निवेदने सुरू झाली. अखिल भारतीय व्यापारी महासंघाने प्रवीण खंडेलवाल यांच्यामार्फत केंद्राकडे वर्षभराची मुदत मागितली. हेच खंडेलवाल २०२४ मध्ये चांदनी चौकचे खासदार झाले. अमूलने पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहून छोट्या पाकिटांवरच्या स्ट्रॉसाठी मुदत मागितली. मुदत कोणालाच मिळाली नाही. मात्र चिप्स, बिस्किटे, शाम्पू यांची रंगीत बहुस्तरीय पाकिटे यादीत नव्हतीच. त्यांच्यासाठी उत्पादकांची विस्तारित जबाबदारी नावाची स्वतंत्र व्यवस्था फेब्रुवारी २०२२ मध्ये आली: कंपनीने ठरलेल्या प्रमाणात कचरा गोळा करून घ्यावा आणि त्याची नोंद पोर्टलवर ठेवावी. परिणाम असा की गल्लीतल्या दुकानात दोरीला टांगलेल्या पाकिटांच्या माळा कायदेशीर राहिल्या आणि ती पाकिटे ज्यात घालून द्यायची ती पिशवी बेकायदा ठरली. दुकानदाराला हा फरक समजावून सांगणे अवघड आहे.

दिल्लीत त्या १ जुलैला त्यागराज स्टेडियममध्ये पर्यावरणमंत्री गोपाल राय यांच्या पुढाकाराने पर्यायी वस्तूंचा तीन दिवसांचा मेळा भरला. बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चिपाडाच्या ताट-वाट्या, लाकडी चमचे, कापडी पिशव्या, पानांचे द्रोण. पहिले दहा दिवस फक्त समज द्यायची, मग कारवाई, असे सरकारने जाहीर केले. हा क्रम बरोबर होता. आणखी एक योग: तिन्ही महापालिका मे २०२२ मध्ये पुन्हा एक झाल्या होत्या. २०१२ ला शहराचे तुकडे होताना बंदी आली, २०२२ ला तुकडे जुळत असताना. दोन्ही वेळा निरीक्षकांच्या फौजेची घडी बसायची होती. त्या वर्षी सरकारी आकडा असा होता की दिल्लीत रोज १,०६० टन प्लास्टिक कचरा निघतो.

पर्यायांचा मेळा भरला, पण पर्यायांचे दुकान सदर बाजारात किलोवर लागले नाही. हा या इतिहासातला सर्वांत कच्चा दुवा आहे. कापडी पिशवीला काही रुपये पडतात, पातळ प्लास्टिकच्या पिशवीला काही पैसे. पाव किलो टोमॅटोवर विक्रेत्याला जे सुटते त्यातून कापडी पिशवी देता येत नाही. कागदी लिफाफा कोरड्या मालाला चालतो. दही, पनीर, मासळी, गरम छोले यांना चालत नाही. साप्ताहिक बाजारात बसणारा विक्रेता सोमवारी एका मोहल्ल्यात, बुधवारी दुसऱ्यात. शेजारच्याने पिशवी दिली आणि याने नाही दिली तर गिऱ्हाईक दोन पावले सरकते. नियम पाळणाऱ्याचा धंदा कमी आणि मोडणाऱ्याचा जास्त, ही परिस्थिती जोवर राहते तोवर प्रामाणिक माणसालाच शिक्षा होते. अशी माणसे आहेत. गिऱ्हाइकाला 'झोला आणा' सांगून तोटा सोसणारे विक्रेते दिल्लीच्या प्रत्येक मंडईत भेटतात, आणि त्यांच्यासाठी कोणत्याही नियमात सवलतीची ओळ नाही.

शिक्षेची रचना आता पुन्हा बदलली आहे. जनविश्वास कायद्याने पर्यावरण संरक्षण कायद्यातली कैदेची तरतूद काढली. १ एप्रिल २०२४ पासून दहा हजार ते पंधरा लाख रुपयांपर्यंतचा आर्थिक दंड आहे, आणि तो न्यायालय नव्हे, निर्णय अधिकारी ठरवतो. कैद गेली हे चांगलेच झाले. पण खालची मर्यादा दहा हजारांची आहे. कारखानदाराला ती किरकोळ खर्चासारखी वाटेल. हातगाडीवाल्याची ती कित्येक आठवड्यांची कमाई आहे. दोघांना एकाच कलमात बसवण्याची २००९ ची चूक इथेही राहिली आहे. ती दुरुस्त करायची तर पथकांनी आधी पातळ पिशवी बनवणारे कारखाने आणि तिची ठोक गोदामे गाठावीत, दंडाच्या वरच्या मर्यादा तिथे वापराव्यात आणि त्या दंडातून जमलेले पैसे साप्ताहिक बाजारांत स्वस्त कापडी पिशव्या पुरवायला खर्चावेत. तोवर पाच हजार असो वा दहा हजार, दंड भरणारा हात बहुतेक वेळा तराजू धरणाराच असेल.